'मी' हा भ्रम आहे का, आणि स्मृती गेली की माणूस जातो का?

प्रश्न दोन आहेत, पण विचारणाऱ्या ताईंनी ते एकाच दमात विचारले आहेत. पहिला असा: मेंदूत 'मी' नावाची जागा कुठेच सापडत नाही, म्हणून स्व हा मेंदूने रचलेला भ्रम आहे, असं हल्ली बरेच शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ सांगतात. ते मानायचं का? दुसरा त्यांच्या घरातला. आईला अल्झायमर होऊन काही वर्षं झाली, ती मुलांची नावं विसरली, आणि नातेवाईक म्हणतात, "ही आता तुमची आई राहिलीच नाही, नुसतं शरीर उरलंय." खरंच ती गेली का?

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. पक्षाघात, डोक्याला मार, स्मृतिभ्रंश अशा आजारांतल्या माणसांच्या स्मृतीच्या, लक्षाच्या, भाषेच्या चाचण्या घ्यायच्या आणि मग घरच्यांशी बोलायचं, हे माझं रोजचं काम. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. सुरुवात दुसऱ्यापासून करते, कारण तो निकडीचा आहे आणि पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

'आठवणी म्हणजेच माणूस' ही समजूत इतकी सवयीची झाली आहे की ती कुणीतरी कधीतरी मांडलेली एक भूमिका आहे हे लक्षातच येत नाही. तिला नेमकं रूप दिलं इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याने, 1694 मध्ये. आपली जाणीव भूतकाळात जिथवर मागे पोचते, तिथवर आपण तेच, असं त्याचं म्हणणं. शंभर वर्षांच्या आत, 1785 मध्ये, स्कॉटलंडच्या थॉमस रीडने त्यातली अडचण दाखवली. एका मुलाने बागेतली फळं चोरली म्हणून फटके खाल्ले. तरुणपणी त्याने लढाईत शत्रूचा झेंडा हस्तगत केला, म्हातारपणी तो सेनापती झाला. तरुण अधिकाऱ्याला फटके आठवतात. सेनापतीला झेंडा आठवतो, फटके मात्र आठवत नाहीत. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तोच अधिकारी, अधिकारी म्हणजे तोच मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे! हिशेबच जुळत नाही.

रीडचा सेनापती कल्पनेतला होता. विसाव्या शतकात प्रत्यक्षातली माणसं समोर आली, आणि त्यांनी या वादात जी भर घातली ती मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोलाची वाटते. एच. एम. या रुग्णाची गोष्ट अनेकांनी वाचली असेल: 1953 मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला नव्या आठवणी घडवणारा भाग) काढला गेला आणि नवी आठवण बनणंच थांबलं. पण तुमच्या प्रश्नासाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो टोरांटोचा के. सी. 1981 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. के. सी.ला जगाची माहिती होती, आपलं घर कुठलं हे माहीत होतं, टायर कसा बदलायचा हे माहीत होतं. पण आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आतून आठवत नव्हता. भाऊ गेला हे त्याला ठाऊक होतं, ती बातमी आपल्याला कशी कळली ते आठवत नव्हतं. उद्या काय करणार असं विचारलं तर मन कोरं. मागचं आणि पुढचं, दोन्ही दारं बंद.

लॉक बरोबर असेल तर के. सी. हा कुणीच नव्हता. पण टल्व्हिंगने 1993 मध्ये एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. अपघातानंतर के. सी.चा स्वभाव बदलला होता. आधी तो बडबड्या, धडाडीचा होता, नंतर शांत झाला. त्याला स्वभाववर्णनाचे शब्द देऊन विचारलं, यातलं तुला काय लागू पडतं? तेच शब्द त्याच्या आईलाही दिले. के. सी.ने स्वतःचं जे वर्णन केलं ते आईने केलेल्या आत्ताच्या, म्हणजे अपघातानंतरच्या स्वभावाशी जुळलं. अपघातानंतरचा एकही प्रसंग न आठवणाऱ्या माणसाला आपण आता कसे झालो आहोत हे कळलं होतं! प्रसंगांची आठवण आणि स्वतःची ओळख या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण. पुढे 2007 मध्ये असंही दिसलं की दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल हे ओळखण्याच्या चाचण्यांमध्येही तो निरोगी माणसांच्या बरोबरीने उतरतो.

अल्झायमरमध्ये चित्र थोडं वेगळं असतं, तेही सांगते. स्टॅन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये के. आर. या अल्झायमर झालेल्या बाईंचा अभ्यास मांडला. स्वतःच्या स्वभावाचं ज्ञान त्यांनाही होतं, पण ते जुनं होतं. आजारापूर्वी त्या जशा होत्या तसंच वर्णन त्या करत. आजारानंतर झालेले बदल त्यात उतरलेच नव्हते. आमच्याकडे हे वरचेवर दिसतं. स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या आजी ठामपणे सांगतात की घरचा सगळा स्वयंपाक मीच करते. मुलगी खजील होते, "आई, खोटं कशाला बोलतेस?" आई खोटं बोलत नसते. तिच्याजवळ तिचं स्वतःचं चित्र आहे, फक्त ते पुढे सरकायचं थांबलंय. चित्रच नसणं आणि चित्र जुनं असणं यांत केवढा फरक आहे! 'नुसतं शरीर उरलंय' म्हणणाऱ्यांना हा फरक दिसलेला नसतो.

आता याच्या उलट बाजू. आठवणी जशाच्या तशा आहेत, पण घरचे म्हणतात हा तो माणूस नव्हे. फिनिअस गेजचं उदाहरण सगळे देतात. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना जवळपास साडेतीन फूट लांब, सहा किलोची पहार त्याच्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी 1868 मध्ये लिहिलं की मित्रांच्या मते तो 'आता गेज राहिला नाही'. हे वाक्य जगभर गेलं. त्यानंतरचा भाग फारसा कुणी सांगत नाही. गेजने पुढे चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकली. रस्ता सांभाळणं, घोडे सांभाळणं, उतारूंशी बोलणं, हे बेताल झालेल्या माणसाला जमणारं काम नव्हे. म्हणजे तो बराच सावरला असावा. 'राहिला नाही' हा निकाल फार लवकर दिला गेला, असं माझं मत आहे.

गेजपेक्षा रोजच्या कामात भेटणारा आजार म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाणारा. साधारण पन्नाशी-साठीतली माणसं. तारीख, वार, पंतप्रधान, काल काय जेवलो, सगळं बरोबर सांगतात. पण मायाळू बाप अचानक थंड होतो, नातवाच्या ताटातलं गोड उचलून खातो, अंत्यविधीला हसतो. घरचे आधी स्वभावाला दोष देतात, मग व्यसनाचा संशय घेतात, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात, आणि एमआरआय होईपर्यंत एक-दोन वर्षं निघून जातात. नीना स्ट्रॉमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी 2015 मध्ये अशा रुग्णांच्या, अल्झायमरच्या रुग्णांच्या आणि एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारलं: तुमचं माणूस तुम्हाला अजून तेच वाटतं का? 'आता तो तो नाही' ही भावना सगळ्यात तीव्र होती फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात. आणि तिचा संबंध होता तो दया, प्रामाणिकपणा, निष्ठा अशा नैतिक गुणांतल्या बदलाशी. स्मृती गेल्याचा या भावनेवर मोजण्याजोगा परिणामच दिसला नाही.

या अभ्यासातून काय निघत नाही तेही सांगायला हवं. नातेवाइकांना काय वाटतं हे त्याने मोजलं. माणूस खरोखर तोच आहे का, हे असं मोजून ठरत नाही. पण ज्या समजुतीवर 'आई राहिली नाही' हे वाक्य उभं आहे, ती समजूत खुद्द जवळची माणसंसुद्धा प्रत्यक्षात पाळत नाहीत, एवढं त्यातून नक्की दिसतं. नाव विसरलेली आई डोक्यावरून हात फिरवते तेव्हा ती आईच वाटते. सगळी नावं आठवणारा पण माया आटलेला बाप परका वाटतो.

आता पहिला प्रश्न. स्व हा भ्रम आहे असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने भक्कम पुरावे आहेत आणि ते मी कमी लेखत नाही. मेंदूचा उजवा गोलार्ध पक्षाघाताने दुखावला की डावी बाजू लुळी पडते, आणि काही रुग्णांना ती लुळी पडली आहे हेच कळत नाही. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये या अवस्थेला नाव दिलं. टाळी वाजवा म्हटलं की रुग्ण एकच हात हवेत हलवतो आणि 'वाजवली की' म्हणतो. मनाला धक्का सोसवत नाही म्हणून तो नाकारत असेल, असं घरच्यांना वाटतं. पण मग डावा गोलार्ध दुखावून उजवी बाजू लुळी पडल्यावर हे इतकं विरळ का? शिवाय डाव्या कानात गार पाणी सोडलं की काही रुग्णांना थोडा वेळ आपला हात चालत नाही हे कळतं, आणि परिणाम ओसरला की पुन्हा कळेनासं होतं. माझ्या शरीराची, माझ्या मनाची मला थेट आणि अचूक खबर असते, हा विश्वास इथे टिकत नाही.

दुसरा पुरावा गॅझानिगा आणि लडू या मेंदूशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात अभ्यासलेल्या पी. एस. या तरुणाचा. अपस्मारासाठी त्याच्या दोन्ही गोलार्धांना जोडणारा पूल कापलेला होता. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. उजव्या हाताने त्याने कोंबडीचं चित्र निवडलं, डाव्याने फावडं. असं का, विचारल्यावर बोलणाऱ्या गोलार्धाने, ज्याला बर्फ दिसलंच नव्हतं, क्षणात सांगितलं: पंजा कोंबडीचा, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतंच! कारण मागाहून रचलेलं, पण सांगणाऱ्याला ते अगदी खरं वाटलं. यावरून 'एका कवटीत दोन स्व' असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या याइर पिंटो यांनी 2017 मध्ये अशा दोन रुग्णांवर दाखवलं की वस्तू दृष्टिक्षेत्राच्या कुठल्याही बाजूला असली तरी ती दिसल्याचं ते तोंडाने किंवा कुठल्याही हाताने सांगू शकतात. वाद अजून चालू आहे.

या सगळ्यातून नेमकं काय खोटं ठरतं? आत बसलेला, न बदलणारा, सगळं पाहणारा आणि सगळ्यावर हुकूम चालवणारा एक मालक. तो खोटाच आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये आत डोकावून पाहिलं तेव्हा त्याला गारवा, ऊब, राग, सुख असे अनुभवच सापडले, अनुभवणारा वेगळा सापडला नाही. बौद्ध विचारवंतांनी हे त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, आणि जास्त काळजीपूर्वक सांगितलं होतं, कारण व्यवहारातला माणूस त्यांनी नाकारला नाही.

त्यांचे प्रतिपक्षी नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे भारतीय तत्त्वज्ञ. मला त्यांचा युक्तिवाद आजही जिवंत वाटतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते: दर्शन आणि स्पर्श यांनी एकाच वस्तूचं ज्ञान होतं, म्हणून आत्मा आहे. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच मी आता हाताने चाचपतो आहे, असं मला कळतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रंग कळत नाही. मग 'तेच हे' असं जोडणारा तिसरा कुणी हवा. आजच्या मेंदूविज्ञानात वेगवेगळ्या इंद्रियांची माहिती एकत्र कशी बांधली जाते हा मोठा प्रश्न आहे, तो नेमका हाच. त्याचं अर्धं उत्तर 1998 च्या एका प्रयोगात मिळालं. बॉटविनिक आणि कोहेन यांनी माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला, समोर रबराचा हात ठेवला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला. थोड्या वेळात लोकांना स्पर्श रबराच्या हातावर जाणवू लागला, तो हातच आपला वाटू लागला. कुंचल्यांची वेळ चुकवली की हा परिणाम खूप ओसरतो. म्हणजे 'माझा हात' ही जाणीव पाहणं आणि स्पर्श यांच्या जुळणीतून सतत घडत असते. नैयायिकांचा प्रश्न अचूक होता, जोडणी होतेच. पण जोडणारा वेगळा असावाच लागतो, हे त्यातून निघत नाही.

आणि इथेच 'भ्रम'वाल्यांशी माझं जुळत नाही. रबराचा हात आपला वाटणं हा भ्रम आहे, कारण पडद्यामागे खरा हात आहे आणि तुलना करता येते. स्व भ्रम आहे म्हणताना तुलना कशाशी करायची? आत मालक नाही, एवढंच दाखवून झालंय. वारीतल्या दिंडीचा विचार करा. दिंडी म्हणजे विणेकरी नव्हे, टाळकरी नव्हेत, झेंडा नव्हे. माणसं दरवर्षी बदलतात, चालता चालता मागेपुढे होतात. या सगळ्यांपलीकडे दिंडी नावाची वेगळी वस्तू शोधायला गेलात तर सापडणार नाही. तरी दिंडीला क्रम आहे, शिस्त आहे, ओळख आहे, आणि ती पंढरपूरला पोचते. तिला भ्रम म्हणणारा माणूस वस्तू आणि व्यवस्था यांत गल्लत करतो आहे. स्व तसा आहे: शरीर माझं वाटणं, कृती माझी वाटणं, स्वभावाचं ज्ञान, प्रसंगांची आठवण, उद्याचा बेत, काय बरं-वाईट वाटतं त्याची घडण, आणि इतरांच्या मनातली आपली जागा. आजार हे सगळं एकदम उडवत नाही. के. सी.चं एक गेलं, गेजचं दुसरं, टाळी वाजवली म्हणणाऱ्याचं तिसरं. भ्रम असा तुकड्यातुकड्यांनी, ठरावीक जागेच्या इजेने, ठरावीक क्रमाने मोडत नाही.

मुळात अनुभव असतोच का, मेंदूतल्या विद्युत्-रासायनिक घडामोडींबरोबर 'काहीतरी वाटणं' का येतं, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी नव्वदच्या दशकात ठळक केलेला प्रश्न मी इथे सोडवलेला नाही. माझ्या मते तो कुणीच सोडवलेला नाही. पण तुमच्या आईविषयी काही ठरवायला तो सुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

कारण आईला वाटतं, आणि ते टिकतं. स्विस डॉक्टर क्लापारेद यांनी 1911 मध्ये लिहिलेली नोंद प्रसिद्ध आहे. स्मृती गेलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली होती. थोड्या वेळाने बाईंना प्रसंग आठवेना, पण हात पुढे केल्यावर त्यांनी आपला हात मागे घेतला. आज असा प्रयोग कुणी करू नये आणि करू देणारही नाहीत. पण आयोवा विद्यापीठात 2010 मध्ये हिप्पोकॅम्पस दुखावलेल्या रुग्णांना, आणि 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना, दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून तपासलं. काय पाहिलं ते लवकरच विसरलं गेलं, पण त्यातून आलेलं दुःख आणि आनंद आठवण पुसल्यानंतरही मागे राहिले. म्हणून घरच्यांना मी कळकळीने सांगते: "मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. उत्तर चुकल्याचा प्रसंग ती विसरेल, ओशाळलेपणा उरेल. आल्या आल्या स्वतःच सांगा, "आई, मी तुझी धाकटी." भेटीला आलेल्या मावशींनाही हे आधी सांगून ठेवा. आणि 'ती काय, विसरूनच जाणार' म्हणून भेट टाळू नका. दुपार चांगली गेली तर ती संध्याकाळपर्यंत पुरते.

एक प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तो तुमच्या दारात आज ना उद्या येईल. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने 1991 मध्ये मार्गो नावाच्या अल्झायमर झालेल्या बाईंबद्दल लिहिलं. रोज पुस्तक उघडायच्या, पानं कुठलीही असायची. रोज तेच चित्र रंगवायच्या. आणि त्याने पाहिलेल्या सगळ्यात आनंदी माणसांपैकी त्या एक होत्या. तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी 1993 मध्ये विचारलं: समजा, बुद्धी शाबूत असताना मार्गोने लिहून ठेवलं असतं की अशा अवस्थेत मला दुसरा जीवघेणा आजार झाला तर उपचार करू नका, तर कुणाचं ऐकायचं? ड्वॉर्किन म्हणाले, आधीच्या मार्गोचं, कारण आयुष्याला आकार देणारी मूल्यं तिची आहेत. रिबेका ड्रेसर यांनी 1995 मध्ये उलट बाजू घेतली: समोर हसते आहे ती मार्गो आज आहे, तिचं हित आजचं आहे.

भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारातल्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये असाध्य आजारात जीवरक्षक उपचार थांबवण्यासाठीचं आगाऊ इच्छापत्र मान्य केलं, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. मार्गोसारखी आनंदी रुग्ण आणि बरा होणारा न्यूमोनिया, हा पेच त्यातून थेट सुटत नाही. माझा कल ड्रेसरकडे आहे. शेवटच्या टप्प्यात, श्वास यंत्रावर असताना, आधीच्या इच्छेला पूर्ण मान द्यावा. पण जी बाई अजून खाण्यात, गाण्यात, उन्हात बसण्यात रमते, तिच्या आजच्या सुखाला तिच्याच जुन्या कागदाने दूर सारू नये, कारण त्या कागदावर सही करताना हे सुख कसं असेल हे तिला ठाऊक नव्हतं. अनेक सहकाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणंही वजनदार आहे.

तुमच्या आईने काही लिहून ठेवलं नसेल, तर भावंडांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडून बोला: ती पूर्वी अशा प्रसंगी काय म्हणायची, आणि ती आज कशाने खुलते, कशाने त्रासते. दुसरी यादी तिच्यासोबत दिवस काढणाऱ्या व्यक्तीकडून घ्या, मग ती घरची असो वा मदतनीस बाई. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही याद्या बरोबर न्या.